सगळ्यांनी मागे रेला

विमा कंपनीतल्या नोकरीमुळे सगळे ज्यांना विमावाले म्हणत, त्यांनी भर चौकात गाडी बंद पाडली तेव्हा शेजारच्या सीटवर त्यांची ताई बसलेली होती, आणि सगळ्या प्रकरणाला तिथूनच तोंड फुटलं. एरवी गाडी बंद पडणं ही काही मोठी गोष्ट नव्हती. गाडी बाबांच्या काळातली, शाळेच्या भिंतीच्या रंगाची, म्हणजे पिवळीही नाही आणि पांढरीही नाही अशी. तिचं वय बघून लोक समजून घेत. पण त्या दिवशी ती आपणहून बंद पडली नव्हती. सिग्नल हिरवा झाल्याबरोबर बाबांसारखी गाडी उसळून काढावी असं विमावाल्यांच्या मनात आलं, त्यांनी क्लच झटक्यात सोडला, आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी जागच्या जागी थडथडायला लागली. मागची चाकं रस्त्यावर आपटत होती, काचा वाजत होत्या, ताईच्या मांडीवरची पर्स खाली गेली, आणि दोन-चार आचके देऊन इंजिनानं मान टाकली. मागच्या बसचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला, पण एक अक्षर बोलला नाही. नुसता बघत राहिला. विमावाल्यांना तेच जास्त लागलं.

"बाबा असते तर उतरून चालत घरी गेले असते," ताई पर्स उचलत म्हणाली.

आता या बाबांविषयी सांगायला हवं. बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करायच्या आणि त्याबद्दल कुणाला काही बोलायचं नाही, असं ते काम. माणूस अगदी नाकासमोर चालणारा. रांगेत उभे राहिले तर मागच्याला पुढे सोडायचे, पंगतीत वाढपी विसरला तर आठवणसुद्धा करून द्यायचे नाहीत. फक्त सिग्नलवर त्यांच्या अंगात काहीतरी संचारायचं. लाल दिव्यापाशी गाडी उभी राहिली की ते आरशातून मागे बघायचे आणि शांतपणे सांगायचे, "सगळ्यांनी मागे रेला." मागे आई, आत्या आणि मधे छोटा, म्हणजे आजचे विमावाले. तिघंही पाठ टेकून एकदम मागे रेलायचे, कारण मागच्या चाकांवर वजन पडलं की गाडी जोरात निघते असा बाबांचा सिद्धांत होता. आईचा हात छोट्याच्या छातीवर आडवा यायचा. मग हिरवा दिवा, गाडीचं नाक वर, पोट कुठेतरी मागे राहून गेलेलं, आणि आत्यासकट सगळे ओरडत. चौकातल्या नव्याकोऱ्या गाड्या मागे पडायच्या. पुढच्या चौकात पोचेपर्यंत बाबा पुन्हा मुद्रितं तपासणारे झालेले असायचे.

ताईच्या डोक्यात मात्र त्या गाडीचं वेगळंच चाललेलं होतं. तिच्या मैत्रिणीचं शहराबाहेर मोठं हॉटेल होतं, आणि त्या बाईला दारात शोभेसाठी एक जुनी गाडी हवी होती. इंजिन काढायचं, बॉनेटमध्ये माती भरायची आणि फुलझाडं लावायची, असा बेत. गाडी दोघांच्या नावावर, त्यामुळे ताईनं आधी विचारलं होतं आणि विमावाल्यांनी नेहमीप्रमाणे बघू म्हणून वेळ मारून नेली होती. चौकातल्या प्रकारानंतर ताईनं विषय सोडलाच नाही. जी चालवता येत नाही ती नुसती झाकून ठेवून काय उपयोग, निदान फुलं तरी येतील, असं तिचं म्हणणं. विमावाल्यांच्या डोळ्यांपुढे बॉनेटमधून बाहेर डोकावणारा झेंडू आला आणि आयुष्यात पहिल्यांदा ते ताईला नाही म्हणाले.

मग तह झाला. शहराच्या कडेला एक बंद पडलेली धावपट्टी होती. तिथे वर्षातून एकदा जुन्या गाड्यांची हौशी मंडळी जमायची, दोन-दोन गाड्या शेजारी उभ्या करायची आणि हिरवा दिवा लागला की सरळ रेषेत पळवायची. त्या दिवशी ताई येणार. गाडी बाबांच्या वेळेसारखी नाक वर करून, न थडथडता निघाली तर घरी राहील. नाही तर हॉटेल. शर्यत हरलास तरी चालेल, निघताना मात्र लाज आणू नकोस, एवढंच ती म्हणाली. हे ऐकायला सोपं वाटतं. पण विमावाल्यांनी उभा जन्म विमा कंपनीत लोकांच्या जिवाचे धोके तोलण्यात घालवला होता. घरात स्टुलावर चढायचं झालं तरी ते आधी स्टूल हलवून बघत. गाडीला मागच्या सीटवरसुद्धा त्यांनी हौसेनं पट्टे बसवून घेतले होते. अशा माणसानं शर्यतीत नाव दिलं हे कळल्यावर ऑफिसातल्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

गाडीचा मेकॅनिक प्रोफेसर या नावानं ओळखला जायचा, कारण तो हातापेक्षा तोंडानं जास्त काम करी. त्यानं विमावाल्यांना खुर्चीवर बसवून एक प्लास्टिकची पट्टी घेतली आणि दोन्ही टोकं धरून पिळली. गाडीच्या मागच्या भागाला लोखंडी पाटे असतात. झटक्यात जोर आला की चाकांचा दांडा स्वतःच फिरायला बघतो, पाटे असे पिळले जातात, मग परत येतात, मग पुन्हा पिळले जातात, म्हणून चाकं उड्या मारतात. एवढं सांगेपर्यंत पट्टी मोडली. पाट्यांना हे होऊ नये म्हणून त्यांच्याखाली पोलादी टेकू लावायचे, मागचे शॉक-अॅब्सॉर्बर कडक घालायचे, पुढचे अगदी मऊ घालायचे आणि पुढची चाकं एकमेकांना बांधून ठेवणारी सळई काढून टाकायची. म्हणजे निघताना गाडीचं नाक सहज वर येईल आणि सगळं वजन मागच्या चाकांवर बसेल. विमावाले चमकून बघत राहिले. हे तर बाबांचंच म्हणणं होतं, फक्त बाबा ते काम आई, आत्या आणि छोट्याकडून करून घेत होते.

गाडी तयार होऊन आली आणि संसारात नवीनच घोळ सुरू झाले. पुढचा भाग इतका मऊ झाला होता की ब्रेक लावला की गाडी वाकून जमीन हुंगायची. वळणावर ती अशी कलायची की बायकोच्या पिशवीतल्या मोसंब्या डाव्या दारापासून उजव्या दारापर्यंत फिरून यायच्या. तिनं तुमचं जहाज हा शब्द वापरायला सुरुवात केली आणि बंदरापर्यंत रिक्षानं येते असंही सांगून टाकलं. खड्ड्यातून बाहेर आलं की गाडी बराच वेळ मान डोलवत राहायची. वरच्या मजल्यावरच्या वकिलांशी विमावाल्यांचं गाडी लावायच्या जागेवरून कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. एका संध्याकाळी वकील फाटकात उभे असताना विमावाल्यांची गाडी त्यांच्यासमोर थांबली आणि तिनं लवून नमस्कार केला. एकदा नाही, चांगला चार-पाच वेळा. वकिलांचं मन विरघळलं. ते त्याच रात्री चहाला आले आणि त्यानंतर सल्ला देणं त्यांनी थांबवलं नाही.

त्या सल्ल्यांतला पहिला म्हणजे गाडीतले बदल सरकारदरबारी नोंदवून घ्या. विमावाल्यांना कायद्याबाहेर काही असलं की झोप लागत नसे, त्यामुळे ते लगेच तयार झाले. वाहन तपासणीच्या कचेरीत अधिकाऱ्यानं बॉनेट खाली दाबून सोडलं. गाडी हलत राहिली. अधिकाऱ्यानं दोन कागदांवर सह्या केल्या, एकाला परत पाठवलं, पाणी प्यायला आणि वळून बघितलं तर गाडी अजून हलतच होती. बदल कशासाठी, असं त्यानं विचारलं. लवकर निघण्यासाठी, असं विमावाल्यांनी खरंखरं सांगितलं. गाडी थांबत नाही म्हणून लोक त्याच्याकडे रोज येत, निघत नाही म्हणून आलेला हा पहिलाच. त्यासाठी अर्जात रकानाच नव्हता. शेवटी वकिलांनी पेन काढून 'मागील बाजूस जड सामान वाहण्याच्या सोयीसाठी' असं ठोकून दिलं. अधिकारी नियमानं चालणारा होता, त्यानं सामान दाखवा म्हटलं. तेव्हा वकील मागच्या सीटवर जाऊन बसले होते आणि गाडी मागून चांगलीच दबलेली होती. अधिकाऱ्यानं त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं आणि शिक्का मारला. वकील परतीच्या वाटेवर गप्प होते, हा त्या दिवसातला एकमेव फायदा.

खरी डोकेदुखी हवेची झाली. मागच्या टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवा, रस्त्याला चांगलं चिकटतं, असं प्रोफेसरनं बजावलं होतं. पण मध्यमवर्गीय माणसाला दुसऱ्याच्या टायरमधली कमी हवा बघवत नाही. दूधवाला सांगायचा, समोरच्या काकू सज्ज्यातून सांगायच्या, सिग्नलला अनोळखी माणसं काच ठोठावून सांगायची. विमावाले प्रत्येकाला धन्यवाद म्हणायचे. तळमजल्यावरचे व्यायामवाले नुसतं सांगून थांबणारे नव्हते. निवृत्त झाल्यापासून शरीर कमावणं आणि शेजाऱ्यांच्या उपयोगी पडणं हीच त्यांची दोन कामं, आणि विमावाल्यांच्या टायरमध्ये त्यांना दोन्ही एकदम सापडली. रोज पहाटे ते पायपंप घेऊन मांड्यांचा व्यायाम म्हणून हवा भरून ठेवायचे. विमावाल्यांनी नको म्हणून सांगितलं, हात जोडून सांगितलं. व्यायामवाल्यांनी तो संकोच समजला. आपल्यात कसलं आलंय, म्हणाले. शेवटी रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी गुपचूप हवा सोडायची, असा विमावाल्यांचा दिनक्रम झाला. भल्या माणसाचं मन दुखवण्यापेक्षा ते बरं.

एवढं करूनही मूळ दुखणं तसंच होतं. प्रोफेसर गाडी सोडायचा तेव्हा ती कधी छान निघायची, कधी नाही, आणि का ते त्यालाही सांगता येत नव्हतं. विमावाले सोडायचे तेव्हा ती कधीच नीट निघायची नाही. जोर कमी दिला तर गाडी रांगत जायची, जास्त दिला तर खाडकन हिसका बसून इंजिन बंद पडायचं. ते डोळे मिटून बाबा काय करायचे ते आठवायचा प्रयत्न करायचे. त्यांना तापलेल्या रेक्झिनचा वास आठवायचा, आईच्या बांगड्यांचा आवाज आठवायचा, बाबांच्या मानेवरची न्हाव्यानं कोरलेली सरळ रेघ आठवायची. एवढं सगळं लख्ख आठवत असताना गाडी कशी निघायची तेवढंच का आठवू नये, याचा त्यांना मनापासून राग यायचा.

शर्यतीच्या दिवशी धावपट्टीवर ऊन होतं आणि वारा सुटला होता. ताई छत्री घेऊन दोरीपाशी उभी होती. बायको सरबताचा थर्मास घेऊन आली होती, वकील कायदेशीर बाजू सांभाळायला आले होते, आणि व्यायामवाले पांढऱ्या बुटांत सगळ्यांच्या पुढे होते. प्रत्येक गाडीला दोन धावा मिळणार होत्या. विमावाल्यांच्या शेजारी एका दंतवैद्याची छोटी लाल गाडी उभी होती. दंतवैद्यानं काच खाली करून काही त्रास होणार नाही, अशा अर्थाचं स्मित केलं.

हिरवा दिवा लागला. विमावाल्यांनी क्लच सोडला आणि मागच्या चाकांनी किंकाळी फोडली. धूर आला, गाडी तिरकी झाली, जागेवरच कुल्ले हलवत राहिली आणि मग बंद पडली. लाल गाडी तोवर ठिपक्याएवढी झाली होती. कर्ण्यावरून बोलणाऱ्या माणसानं जुन्या गाड्यांचं सौंदर्य त्यांच्या वेगात नसतं, अशा शब्दांत लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या. लोकांनी त्या फार प्रेमानं वाजवल्या. विमावाल्यांना वाटलं, यापेक्षा त्या बस ड्रायव्हरचं बघणं परवडलं.

ते उतरले, टायर दाबून बघितला तर दगड. आज ऑफिस नव्हतं, त्यामुळे सकाळी हवा सोडायचं राहूनच गेलं होतं. तेवढ्यात व्यायामवाले धावत आले आणि आज खास दिवस म्हणून पहाटे उठून नेहमीपेक्षा जास्त भरली, अगदी टणक केली, असं अभिमानानं म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता आणि शुभेच्छा होत्या. विमावाल्यांनी त्यांचा हात हातात घेतला, छान झालं म्हणाले, आणि ते सरबत प्यायला गेल्यावर खाली बसून हवा सोडायला लागले. शेजारी सावली पडली. ताई छत्री धरून उभी होती.

हॉटेलवालीला फोन करते असं ती म्हणेल, याची त्यांनी वाट बघितली. मग तेच बोलले. टायरकडे बघतच बोलले.

"ताई, हवेचं एक झालं. पण खरं सांगू, बाबा काय करायचे ते मला माहीतच नाही. मी मागे असायचो. मला त्यांची मान दिसायची फक्त."

ताईला लहानपणी गाडी लागायची, म्हणून ती कायम पुढे बसायची. यावरून त्या काळी किती भांडणं झाली होती. छोट्यानं एकदा ओकारीचं सोंगसुद्धा करून बघितलं होतं. त्यानंतर इतकी वर्षं गेली, पण तिथून तिला बाबांचे हातपाय दिसत असणार, हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. तिच्याही आलं नव्हतं.

"अरे, ते हँडब्रेक ओढून धरायचे," ती म्हणाली. "लाल असतानाच. मग क्लच हळू हळू वर, गाडी ताण खाऊन थरथरायला लागेपर्यंत. आणि हिरवा झाला की क्लच नाही सोडायचे आधी, हात सोडायचे. मला वाटायचं, तुला माहीत आहे."

ताण आधीच बसलेला असला की हिसका बसायला जागाच उरत नाही, हे विमावाल्यांना आता लगेच समजलं. मुद्रितं तपासणारा माणूस घाईत काहीच करणार नाही, हे खरं तर आधीच समजायला हवं होतं. त्यांनी हात झटकले आणि मागचं दार उघडलं. मागे वजन हवं, असं म्हणाले. ताईनं छत्री मिटली. आयोजकांनी पट्टा आणि हेल्मेट असेल तर माणूस बसायला हरकत नाही म्हटलं, आणि पट्टे तर विमावाल्यांनी केव्हाच बसवलेले होते. साठी उलटलेली ताई हेल्मेट घालून मागच्या सीटच्या मधोमध बसली. त्या जागेवर ती जन्मात पहिल्यांदाच बसत होती.

विमावाल्यांनी हँडब्रेक ओढला. क्लच हळूहळू वर आणला. गाडीचा आवाज बदलला, तिनं दबा धरल्यासारखं केलं आणि सगळं अंग थरथरायला लागलं. त्यांनी आरशात बघितलं. हेल्मेटमधून ताईचे डोळे त्यांच्याकडेच बघत होते.

"सगळ्यांनी मागे रेला," ते म्हणाले.

हिरवा दिवा लागला आणि त्यांनी हात सोडला. नाक वर आलं. समोरचा रस्ताच दिसेनासा झाला, नुसतं बॉनेट आणि आभाळ. एक थडथड नाही, एक आचका नाही. पोट कुठेतरी मागे राहून गेलं, आणि मागून एक आवाज आला. ताई ओरडत होती. आत्या ओरडायची तशीच, गळा काढून. लाल गाडी शेजारी नव्हती, ती मागे होती, चांगली गाडीभर मागे. धावपट्टीच्या अर्ध्यापर्यंत ती मागेच राहिली. मग दंतवैद्यानं शांतपणे त्यांना ओलांडलं आणि शर्यत जिंकली. विमावाल्यांना ते नंतर कुणीतरी सांगितलं.

टोकाला गाडी थांबली, वाकली आणि बराच वेळ डोलत राहिली. विमावाल्यांनी वळून बघितलं. ताईचं हेल्मेट वाकडं झालं होतं आणि ती हसते आहे की रडते आहे ते नीट कळत नव्हतं.

"छोट्या, मागे असं वाटायचं तुम्हाला?"

"हो."

"मी पुढे डॅशबोर्ड धरून बसलेली असायची. मला वाटायचं, तुम्ही उगाच ओरडता," ती म्हणाली आणि तिनं डोळे पुसले.

हॉटेलचा विषय ताईनंच संपवला. गाडीत बसल्या बसल्या मैत्रिणीला फोन लावून कुंड्या घे म्हणून सांगितलं, बाजारात चांगल्या मिळतात. मग उतरून पुढचं दार उघडलं आणि विमावाल्यांना हातानंच बाजूला व्हायची खूण केली. त्यांनी सवयीनं आधी ती चालवू शकेल का, परवाना बरोबर आहे का, हे सगळं विचारलं. तोवर ती सीट पुढे ओढून बसलीसुद्धा होती. वकील बऱ्याच गोष्टी सांगत व्यायामवाल्यांच्या स्कूटरवर मागे बसले. विमावाले मागच्या सीटवर गेले, बायकोच्या शेजारी, मोसंब्यांच्या पिशवीसकट.

घराजवळच्या चौकात दिवा लाल होता. ताईनं हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला. विमावाल्यांना मागून तिची मान दिसत होती. केस आखूड कापलेले, पांढरे, आणि खाली न्हाव्यानं कोरल्यासारखी सरळ रेघ. गाडी थरथरायला लागली. ताईनं आरशात बघितलं. बायकोनं विचारलं, काय झालं, असे काय बसलात. विमावाल्यांनी हात आडवा करून तिच्यापुढे धरला आणि पाठ टेकून मागे रेलले.